आषाढात बघितलेलं मद्रासचं घर

तवा तिथं मी व्हते, माजा लेक, सून, नात, आनि पोराकडची मायलेक. नातीसाठी स्थळ बघायला गेलतो, पार मद्रासला. मानसं मराठीच, नोकरीपायी तिकडं ऱ्हायलेली.

पोराची आई फोनवर म्हनलेली, "संक्रांतीनंतर या, छान हवा असते."

माज्या बापालाबी माजं सासर बघाय असंच माघात बोलावलेलं. जूचंद्र गावात खाडीकाठचं घर, सारवलेलं, कोरडं खडखडीत. बाप भुलला. आषाढात चुलीत पानी शिरलं. पयल्या लेकराच्या येळी मी माळ्यावर बाळंत झाले, खाली भाताची कनगी तरंगत व्हती. कुनाला सांगनार? दिलं तिथं ऱ्हायले.

म्हनून मी अडून बसले, जाऊ तर आषाढातच.

ती बाई लगेच म्हनाली, "या की! तेव्हा इकडे पाऊसच नसतो फारसा."

एवढ्या खुशीत कोन बोलावतं? मला तितंच खटकलं.

गेलो तर ऊन फटफटीत. लेक हसला, "बघ आये, आभाळ कोरडं. झालं समाधान?"

मी भिंती बघत बसले. फ्रीज इटांवर. कपाट इटांवर. कंबरेपत्तुर रंग नवा, वर जुना. आनि इजेची बटनं पार छातीच्या वर.

"बटनं एवढी उंच का वो?"

"लहान मुलं हात घालतात ना, आजी," पोराची आई म्हनाली.

घरात लहान मूल एक नवतं.

सून मला चिमटा काढाय लागली. तवर पोरगाच बोलला, "आजी, पाणी येतं घरात. दिवाळीनंतर. इकडचा पाऊस तेव्हा असतो."

त्याच्या आईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं दूध उतू गेलं.

मी म्हटलं, "मंग आमी दिवाळीनंतरच येतो."

"नको हो, हाल होतील तुमचे!"

"दोन दिस आमचे व्हतील बाई. पोरीचे जन्मभर."

नात पोराकडं बघाय लागली. तिला पोरगा आवडलाय, मला दिसतंय. खरं बोलला, मलाबी बरा वाटला. पन पोरगा कामावर गेला की पान्यात ह्या दोघीच घरात. तवा सासू हिला खाटंवर घेते का झाडू हातात देते, ते मला बघायचंय. तोवर साखरपुडा नाय.

वाचनाऱ्यांनो, माजं एवढं ऐका. पोरीचं घर बघाय जाल, तर आधी विचारा तिकडं पानी कंच्या म्हयन्यात येतं. आनि त्याच म्हयन्यात जा.