दिव्याचा पाव वाटा

आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांत भिकाजी कुबलांचा धाक वेगळा होता. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं सोडायचं आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ही रापण. ज्याने दोर ओढला त्याला मासळीत वाटा, मग तो गावचा असो की परका. पण दोर ओढणं वेगळं आणि दोराला लोंबकळणं वेगळं. पुढचा माणूस अंग चोरतोय हे भिकाजींच्या तळहातांना कळायचं. वाटे घालताना ते त्याच्याकडे न बघताच म्हणत, "ह्येका नुसत्या वासाचो वाटो द्या." तो माणूस पुढच्या खेपेला नीट ओढी, नाहीतर फिरकत नसे.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी दोर आपणहून सोडला. रापणीचा म्होरक्या बाळा वयाने लहान, पण मान ठेवणारा. तो म्हणाला, नुसते येऊन उभे राहा, तुमचा वाटा घरी पोचेल. भिकाजी म्हणाले, "उभ्या रवण्याचो वाटो बगळ्याक दी."

त्याच वर्षी त्यांना नात झाली, दिव्या. मुलगा दीपेश गोव्यात बोटीवर नोकरीला, घरात सून सारिका आणि बायको शेवंती. पोर जन्मली ती किरकोळ. अंग पिवळं, कातडीवर सुईने टोचल्यासारखे जांभळे ठिपके. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिची लघवी तपासली आणि आईच्या पोटातच विषाणूची लागण झाल्याचं निघालं. विषाणूचं नाव भिकाजींच्या जिभेवर कधी बसलं नाही. डॉक्टरांनी समजावलं ते मात्र बसलं. मोठ्या माणसाला ही लागण झाली तर साध्या तापासारखी येऊन जाते, कित्येकदा कळतही नाही. पोटातल्या बाळाला गाठलं तर मेंदूला आणि कानांना धक्का बसू शकतो. सारिकाला तिसऱ्या महिन्यात आलेली कणकण आठवली. शेजारणींनी ग्रहणाचा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नाही, आईचा तर नाहीच.

सहा महिने औषध चाललं. ठिपके गेले, पिवळेपणा गेला. आत काय बिघडलं ते मूल वाढेल तसंच कळणार होतं. मान, हात, बसणं, कान, सगळ्यावर लक्ष ठेवा आणि कानांची तपासणी पुन्हा पुन्हा करा, असं बजावून सांगितलं होतं.

जन्मानंतरच्या तपासणीत कान ठीक निघाले होते. घर किनाऱ्याला लागून. शेजारी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची शेड, दिवसभर हातोडे. दिव्या त्यात गाढ झोपायची. भिकाजी कौतुकाने सांगत, "दर्यार वाढलला चेडू. तेका आवाज काय करतलो?" किनाऱ्यावर ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. लाटांच्या गाजेत जन्मलेलं पोर हातोड्याला कशाला दचकेल? पुढची तपासणी त्या कौतुकात राहून गेली.

पोर रांगायच्या वयाची झाली तरी रांगत नव्हती. एकदा तांदूळ निवडता निवडता सारिकाने तिला मागून हाक मारली. पोर वळली नाही. सारिका उठून जवळ गेली, तिची सावली जमिनीवर पडली, तेव्हा वळली. सारिकाने तांदूळ तसेच टाकले आणि दुसऱ्या दिवशीची एसटी धरली. दोन्ही कान अधू झाले होते. या लागणीत कान मागाहूनही जातात, म्हणूनच पुन्हा तपासायला सांगितलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. कानांना यंत्रं लागली. भिकाजींनी ते दर्याचं वाक्य परत उच्चारलं नाही.

त्यानंतर त्यांनी नातीला मांडीवर घेतलं ते खाली ठेवीनात. शेवंती सकाळी मासे घेऊन बाजारात, सारिका चुलीपाशी, पोर आजोबांकडे. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं होतं की पालथी ठेवा, खेळणं जरा लांब ठेवा आणि थांबा. पोर कण्हली की भिकाजी उचलत. खेळणं लांब असलं की हातात देत. कलंडू लागली की पाठीशी आपली छाती लावत. वर्ष उलटलं. मान धरली होती, पण बसणं नाही. आपल्या जोरावर बसेल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. घरात दुसरा विषय नव्हता.

एका खेपेला मॅडमनी दिव्यासमोर चेंडू ठेवला. दिव्याने चेंडूकडे हात नेला नाही. तिने आजोबांकडे बघितलं आणि वाट पाहत राहिली. घरी हिला वस्तू कोण देतं, असं मॅडमनी विचारलं. संध्याकाळी सारिका विळीवर मासे साफ करताना मान खाली घालूनच म्हणाली,

"बाबानू, दोरावर कोण अंग चोरता ता तुमच्या हाताक समाजता. मगे ह्या चेडवाचो दोर तुमीच कित्याक ओढतास?"

भिकाजींना राग आला. ते उठून किनाऱ्यावर गेले आणि माडाखाली बसून राहिले. अंधार व्हायच्या आत परत आले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या रापणीच्या दोराचा तुकडा आणला. गोड्या पाण्यात भिजवून, चोळून मऊ केला. दोर धरून पोर उठून बसेल, असा त्यांचा हिशेब. पण या वेळी आपलं डोकं न चालवता दोर घेऊन मॅडमकडे गेले. मॅडमनी तो हातात घेऊन पाहिला. म्हणाल्या, "दोराने हिला उठवायचं नाही, आजोबा. खांद्यांवर ताण येईल. हिला टेकवून बसवा. एक टोक हिच्या हातात, एक तुमच्या. हलकं खेचा आणि थांबा. हिला एकटीला दोराशी सोडू नका. खेचणं हिचं काम, थांबणं तुमचं."

थांबण्याइतके कष्ट भिकाजींना आयुष्यात पडले नव्हते. ओट्यावर दिव्या भिंतीला टेकलेली, समोर ते. एकदा हलकं खेचायचं. मग हात तसाच ठेवायचा. पोर दोराकडे बघे, त्यांच्याकडे बघे, तोंड वाकडं करी. त्यांचे हात शिवशिवत. बाजारातून आलेली शेवंती टोपली उतरवत म्हणाली, "रापण ओढताना इतको घाम येय नाय होतो तुमका." भिकाजींनी तिला हातानेच गप्प केलं.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी दोराला उलटा हिसका बसला. पेडव्यासारख्या बारक्या माशाने गळाला तोंड लावावं, एवढाच. पोर कलंडली असती तर दोर नुसता ताणला गेला असता. हा ताण वेगळा होता. हा ओढलेला होता. भिकाजींनी कुणाला हाक मारली नाही. पुन्हा खेचलं, थांबले. पुन्हा हिसका आला. आवाज तिच्यापर्यंत अर्धाच पोचत होता. दोर पुरा पोचत होता.

पुढचं सगळं सावकाश झालं. आधी भिंत सुटली, हात जमिनीला टेकून बसणं आलं. मग एक हात सुटला. होळीच्या सुमारास दोन्ही हात सुटले. कानाची यंत्रं ती काढून फेकी, सारिका पुन्हा लावी. चालेल कधी, बोलेल किती, ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी भिकाजी तिला घेऊन रापणीवर गेले. दोराचं शेपूट जिथे माणसांच्या मागे येऊन पडत होतं, तिथे तिला ओल्या वाळूत बसवलं आणि हाताच्या अंतरावर आपण बसले. सारिका मागे उभी होती. दोर सरकत आला. दिव्याने तो दोन्ही हातांनी धरला. सुटला, पुन्हा धरला. पाठीला कुणाचा हात नव्हता.

जाळं आलं. तारली होती, थोडे बांगडे, एक बरीशी सुरमई. वाटे पडले. म्होरक्या बाळाने सुरमई उचलली आणि दिव्यासमोर ठेवली. ओढणारे सगळे बघत होते. भिकाजी काय करणार ते सगळ्यांना माहीत होतं.

भिकाजी गुडघ्यावर हात देऊन उठले. सुरमई उचलून ढिगात परत टाकली. सारिकाने मान फिरवली.

"धरल्यान बरो," भिकाजी म्हणाले. "ओढल्यान कमी. पाव वाटो."

बाळाला हसू आवरेना. "दादानू, पाव वाटो रापणीत खंय आसा?"

"आजपास्ना आसा."

बाळाने वाकून तारली मोजून घातली. वर एक जास्त टाकली. भिकाजींनी ती काढली. बाकीची पिशवीत भरून पिशवीचे बंद त्यांनी नातीच्या मुठीत दिले.

पिशवी तिच्या हातातून सुटून वाळूत पडली. दिव्याने आजोबांकडे बघितलं.

भिकाजींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. सारिका पुढे येऊ लागली तशी त्यांनी मान हलवली, आणि तीही थांबली. दिव्या थोडा वेळ दोघांकडे बघत राहिली. मग पिशवीकडे वळली आणि पुढे वाकली.