सुलूकाकूंची जीटीओ

बॉथेल या अमेरिकन गावातल्या मराठी मंडळात सुलूकाकू आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. पार्किंगमधून तो घुमणारा आवाज आला की आरती म्हणणारेसुद्धा माना वळवायचे. लांबलचक बॉनेटची निळी जीटीओ गाडी आत शिरायची आणि तिच्यातून पैठणी नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या, सत्तरीच्या काकू उतरायच्या.

लॅबमधून रिटायर झाल्यावर त्यांनी ती गाडी घेतली. "हे काय वय आहे?" असं काका म्हणाले होते म्हणे. काकूंचं उत्तर, "नाहीच! वय होतं तेव्हा मागच्या सीटवर दोन पोरं भांडत होती."

मी नागपूरहून नोकरीसाठी आले ती त्यांच्या शेजारी. दर शनिवारी त्या मला भाजीला न्यायच्या आणि वाटेत शिकवणी चालायची. "साठच्या दशकात काही इंजिनियरांनी मोठ्या गाडीचं इंजिन मधल्या गाडीत बसवलं, कंपनीच्या नियमाला बगल देऊन! तिथून लोकांना या मसल कारचं, म्हणजे दांडग्या इंजिनच्या गाड्यांचं, वेड लागलं. ही सदुसष्टची. व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडर, आणि चार गिअर. पॉवर स्टिअरिंग नाही, दंडात जोर हवा."

काका गेले, आणि पुढे काकूंची नजर अधू होत गेली. बॉस्टनहून लेकीचा, केतकीचा फोन आला. "तू सांग ना तिला गाडी सोडायला, प्लीज. माझं ऐकत नाही." मी हो म्हटलं, पण धीर होईना.

त्या शनिवारी वळणावर स्टॉपची पाटी आली. काकूंचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलेना. समोर एक बाई कुत्रा घेऊन रस्ता ओलांडत होती.

"काकू, स्टॉप!"

त्यांनी ब्रेकवर सगळा भार टाकला. गाडी त्या बाईपासून हातभर अंतरावर थांबली. बाईने हात वर करून काहीतरी सुनावलं आणि ती पुढे गेली.

काकूंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. "मला ती दिसलीच नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. मग दार उघडून माझ्या बाजूला आल्या. "सरक. गिअरची गाडी येते ना तुला?"

"येते. पण काकू..."

"बस झालं. वर्षभर मी भीतभीतच चालवत होते. सांगू कुणाला?"

मी क्लच दाबला. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. चढावर आलो तेव्हा त्यांनी सीटला मान टेकली होती.

"ते पांढरं काय आहे गं, लांब?"

"रेनियर, काकू. आज बर्फाचा डोंगर स्वच्छ दिसतोय."

"या रस्त्यावरून दिसतो? इतकी वर्षं ड्राइव्ह करतेय," त्या हसल्या, "कधी बघायला सवडच झाली नाही. हळू घे जरा."

गेल्या महिन्यात जीटीओची किल्ली माझ्या हातात ठेवून त्या बॉस्टनला केतकीकडे राहायला गेल्या.