चिलापीला नळाचं पाणी

आमचं गाव महापालिकेत गेलं आणि दारात नळ आला, तेव्हा मी त्या नळाला हळद-कुंकू लावून नारळ फोडला. पन्नाशी उलटलेली बाई, पण थाट असा की गंगा मीच आणली.

घरामागच्या दोन सिमेंटच्या हौदांत मी चिलापी माशांचं बीज काढायचे. बीज म्हणजे बारीक पिल्लं; शेततळीवाले येऊन न्यायचे. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं सुटेपर्यंत उपाशी राहते. मी तिच्याशेजारी बसून भजी खायचे. आमचे हे मार्केट यार्डात कांद्याचे अडते. त्यांना हौदांच्या जागी इमारत हवी होती. ही खेप नीट निघाली तर ठेव, नाहीतर बुजवू, असं त्यांनी बजावलं होतं.

विहिरीचं पाणी हिरवट. मला वाटलं, आता पिल्लं शहरात जन्मणार, त्यांना शेवाळ कशाला? अर्धा हौद उपसला आणि त्यात नळाचा पाइप सोडला. पाण्याला दवाखान्यासारखा वास येत होता. तो मला स्वच्छतेचा वाटला. हुशारच मी.

थोड्या वेळात माद्या वर येऊन धापा टाकू लागल्या. उघड्या तोंडांतून पिवळी अंडी तळाला सांडत होती. मी पदर खोचून हौदात उतरले आणि जाळीने एकेक मादी विहिरीच्या पाण्याच्या दुसऱ्या हौदात टाकू लागले. बऱ्याच जणी पोट वर करून उलटल्या होत्या.

हे आले तेव्हा मी कमरेपर्यंत पाण्यात. पाइप बघून त्यांना सगळं कळलं.

"क्लोरीन माणसं पितात गं, मासे नाही. संपलं ना? आता बुजवू."

"दोघींची तोंडं अजून मिटलेली आहेत, अंडी आत आहेत," मी म्हटलं.

ते वाकून बघत राहिले.

"त्यांची तोंडं रिकामी होईपर्यंत थांबतो. पुढे नाही."

पिल्लं सुटली की मादी काही आठवड्यांत पुन्हा अंडी धरते, हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हापासून ते जेव्हा विचारतात, तेव्हा तोंड मिटलेली कुठलीतरी मादी दाखवते. कधी ती नुसतीच रुसलेली असते.

पण आता आजूबाजूच्या इमारतींनी बोअर घेतलेत, आणि विहीर होळीआधीच तळ दाखवते; मग हौदाला उरतं ते नळाचंच पाणी. परवा हे विहिरीत वाकून बघून आले आणि जेवायला बसले. मी भाकरी वाढली.