बुवांनी खणलेला खड्डा

फोन आला तेव्हा मी एका गरोदर बाईच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत होते. निरगुडसरच्या दवाखान्यात तपासणीचा दिवस, बाकावर बायांची रांग, आणि टेबलावर फोन थरथरतोय. नाव बघितलं. आणे गावची शांताबाई, बुवांची शेजारीण. ती उगाच फोन करणारी बाई नव्हे. मी उचलला. “ताई, बुवा गेलं बगा. सकाळी च्या घेतला, वट्ट्यावर बसलं, अन् बसल्या जागीच...” पुढचं मला ऐकू आलं नाही. खरं लिहायचं तर मला आधी रडू आलं नाही, भीती वाटली. नऊ वर्षांची असताना वाटायची तशी. समोरची बाई म्हणाली, “सिस्टर, पट्टा लई आवळला.” तेव्हा मी भानावर आले.

धोंडीबुवांना जाऊन आता दीड महिना होईल. आणे पठारावर आणि खाली आळेफाट्यापर्यंत एकेकाळी हे नाव लोक आवाज खाली करून घ्यायचे. बुवा देवऋषी होते. कुणाची वस्तू हरवली, गाय आटली, पोर दचकायला लागलं, की बुवांना बोलावणं जायचं. ते चोर धरून देतात, नजर बांधतात, जमिनीतलं धन त्यांना दिसतं, असं सगळे म्हणायचे. आणि मी चोर होते. आमची गाठ पडली ती अशी.

माझे आईवडील कांद्याच्या वखारीवर मजुरी करायचे. वडील ट्रॅक्टरखाली गेले, आई पुढच्याच वर्षी तापानं गेली. चुलत्यानं चार महिने ठेवून घेतलं आणि मग एक दिवस बाजारात “इथंच थांब” म्हणून सांगून गेला तो गेलाच. मी भाकरी चोरायला लागले. मग वाळत घातलेले कपडे, मग पितळी तांबे. वखारीवरच्या बाया कधी जेवू घालायच्या, त्याचं कारण वेगळं होतं. मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. कुणाच्या कमरेत उसण भरली की ते माणूस पालथं पडायचं आणि मी त्याच्या पाठीवर पाय द्यायचा. त्याच बायांनी मला सांगून ठेवलं होतं, “पायाळू हाय म्हनून कुनाला सांगत फिरू नगं गं. धोंडीबुवा असली पोरं हुडकीत असतो. धन काडायच्या आदी पायाळू पोराला खड्ड्यात पुरत्यात.” आभाळ गडगडलं तरी मी पाय पोटाशी घेऊन बसायची, कारण वीज पायाळूवरच पडते, असंही त्या म्हणायच्या. माझं लहानपण असं पायांच्या धाकात गेलं.

पिंपरी पेंढारला एका बागायतदाराच्या घरी खुरपणीच्या बायांबरोबर मी जायचे. एकदा त्या घरच्या सासूबाईंनी मोरीच्या कट्ट्यावर कानातली सोन्याची फुलं काढून ठेवली आणि विसरल्या. मी ती उचलून परकराच्या नेफ्यात खोवली. आळ आला सुनेवर. माहेर गरिबाचं, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. “माहेरी पोचवली असतील” असं सासू अंगणात उभी राहून ओरडत होती आणि ती पोरगी चुलीपुढं बसून नुसती थरथरत होती. मी ते बघत होते. फुलं माझ्या पोटाला टोचत होती. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवांना आणलं. उंच, वाळकं शरीर, कपाळभर भंडारा, एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. घरातल्या माणसांना, गड्यांना, खुरपणीच्या बायांना, सगळ्यांना अंगणात ओळीनं उभं केलं. बुवा एकेकाच्या तळहातावर चिमूटभर कोरडे तांदूळ ठेवत, चावायला सांगत, आणि तो चावेस्तोवर त्याचं मनगट धरून डोळ्यांत बघत. माझी पाळी आली. तोंडात लाळ म्हणून उरली नव्हती. तांदूळ वाळूसारखे दातांत फिरत होते, आणि मनगटावर बुवांची तीन बोटं... ती बोटं हलकीच होती, पण मला वाटलं हात आता खांद्यापासून निखळतोय. बुवा माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मग पुढं सरकले. शेवटी मधोमध येऊन म्हणाले, “सुनंचा हात साफ हाय. तिला कुनी कायबी बोलायचं न्हाई. फुलं ज्यानं नेली त्यानं उद्या दिस उगवायच्या आत कडब्याच्या गंजीपाशी आणून ठिवावी. न्हाईतर हात झडंल.”

उजाडताना मी गेले. फुलं दगडाखाली ठेवली आणि वळले, तर गंजीच्या आडोशाला बुवा उकिडवे बसलेले.

“कुनाची गं तू?”

“कुनाचीच नाय.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, “चल मग.”

मी निघाले ती काही मायेनं नव्हे. नाही म्हटलं तर हात झडेल म्हणून निघाले. जीपमध्ये माणसं आमच्यापासून अंग चोरून बसली होती. घाट चढून पठारावर आलो आणि सगळीकडं नुसता उघडा माळ दिसला. पळालं तर लपायला एक झुडूप नाही, हे मी आधी बघून घेतलं. बुवांचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं ओटा. मला त्यांनी आत निजायला जागा दिली आणि स्वतः बाहेर दाराला आडवं अंथरूण टाकलं. मला वाटलं, मी पळू नये म्हणून. जेवताना ताटात दुसरी भाकरी टाकायचे, म्हणायचे, “खा. अंगात कायतरी भरू दे.” मग मला घास गिळवत नसे.

आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी घरामागं खड्डा खणायला घेतला.

पठारावरचा मुरूम म्हणजे दगडच. बुवा रोज पहाटे टिकाव-पहार घेऊन लागायचे, ऊन चढलं की थांबायचे. मी दाराच्या फटीतून बघायची. पहिल्यांदा त्यांच्या घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा. चौकोनी, नीट काठ धरून. कंबरेएवढा झाला तेव्हा मी मनातल्या मनात माझ्या उंचीशी मोजून बघितला. पळायचं ठरवायची आणि हात झडलेला डोळ्यांपुढं यायचा. एका सकाळी त्यांनी हाक मारली, “पोरी, हिकडं ये. जरा आत उतर बगू.”

मी किंचाळले आणि सुटले. माळावर अनवाणी, वाट मिळेल तिकडं. मागनं बुवा धावत येत होते, त्यांची धाप मला ऐकू येत होती. बोराटीच्या काट्यांत परकर अडकला, मी पडले, आणि पाय पोटाशी घेऊन ओरडत राहिले, “मी पायाळू नाय! मला पुरू नका! मी पायाळू नाय!”

बुवा चार हातांवर थांबले. जवळ आले नाहीत. तिथंच मातीत बसले. मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. दम खात खात ते म्हणाले, “पुरायला...? अगं येडे, संडास हाय त्यो. ह्या माळाला आडोसा न्हाई. बाया इथं अंधार पडंस्तोवर कळ काढीत बसत्यात. तू पोरीची जात. म्हनलं, आदी त्येवढं करावं. माझी कंबर वाकत न्हाई, तळातलं दगड घमेल्यात भरून दे म्हनत व्हतो.”

संडास म्हणजे काय तेही मला धड माहीत नव्हतं. त्यांनी काटे काढले नाहीत, मलाच काढू दिले. मी उठेस्तोवर ते तिथंच बसून होते. मग पुढं चालू लागले, मी दहा पावलं मागं. त्या दिवशी मी खड्ड्यात उतरले नाही. दोन दिवसांनी उतरले.

भीती मात्र लगेच गेली नाही. मी त्यांच्याकडंही चोरत होते. तांदूळ, गूळ, एकदा त्यांची तपकिरीची डबी. त्यांना कळायचं. ते काही म्हणायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी गूळ तिथंच, फक्त थोडा जास्त ठेवलेला असायचा.

पावसाळ्यानंतर एक दिवस दुपारी पांढरी जीप दारात उभी राहिली. तीन माणसं उतरली, शहराकडची, पायांत बूट. वखारीवरून त्यांना माझा माग लागला होता. एकजण हसून म्हणाला, “बुवा, पोरगी दोन दिवस द्या. जागा हेरून ठेवलीय. तुमचा वाटा घरपोच करतो.” बुवांनी मला मागं घेतलं आणि माझं मनगट धरलं. मग डोळे फिरवून, घुमल्यासारखा आवाज काढून म्हणाले, “आज न्हाई. अवसंला, दुपारी. तवर तिच्यावर नजर टाकाल तर आंधळं व्हाल.” माणसं चरकली. जीप गेली. बुवांनी तरी माझं मनगट सोडलं नाही, आणि मी दुसऱ्या हातानं त्यांचं धरलं, तर त्यांची नाडी टिपरी वाजवल्यासारखी उडत होती. मी लाखभर मनगटं धरली असतील नर्स झाल्यापासून. तशी नाडी परत लागली नाही. ज्या माणसाला अख्खं पठार भीत होतं तो भ्यालेला होता, आणि ते माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बुवा मला घेऊन देवळापुढच्या पारावर गेले. माणसं जमली होती. बुवांनी जीपची हकिगत सांगितली. कुणीतरी म्हणालं, “मग तुमीच करा की काहीतरी. बांधा त्यांना. तुमाला काय अवघड?” बुवा म्हणाले, “मला कायबी येत न्हाई.”

लोक हसले. त्यांना वाटलं, चेष्टा.

“खरंच सांगतो. धन दिसत न्हाई, करणी उतरत न्हाई. तांदूळ चावाय देतो, भ्यालेल्याचं तोंड सुकतं, त्येवढंच. उद्या ही पोर गावली न्हाई तर त्या तिघांना धरा. मला यवढं मानसाचं बळ पायजे, दुसरं न्हाई.”

मग मागून किसनमामा उठले. मी त्यांना तोवर ओळखतही नव्हते. हळू आवाजात म्हणाले, “भ्यालेल्याचं तोंड सुकतं... मंग माज्या भावाचं काय, बुवा? त्यो तर लहानपणापासून भित्राच व्हता. पाटलाच्या हिरीवरची मोटार चोरली म्हनून तू नाव घेतलंस त्याचं. गाव सोडून गेला, आजवर पत्ता न्हाई. आई त्याची वाट बघून मेली.”

बुवांनी मान खाली घातली. पागोटं काढून किसनमामांच्या पायांपाशी ठेवलं. किसनमामांनी ते उचललं नाही. मी बुवांच्या धोतराला धरून उभी होते आणि मला वाटत होतं, आता हे लोक ह्यांना मारणार. कुणी हात लावला नाही. एकेक जण उठून गेला. पागोटं शेवटी मीच उचललं.

अमावास्येला जीप आली. बुवा कुऱ्हाड घेऊन ओट्यावर बसले होते. वाट बघत होतो, पण जीप घरापर्यंत पोचलीच नाही. गावाच्या वळणावर माणसं रस्त्यात बसली होती. चाळीसेक असतील, बायाही होत्या. सगळ्यांत पुढं किसनमामा. जीप थोडा वेळ घुरघुरत उभी राहिली, मग वळली. संध्याकाळी किसनमामा दारात येऊन बुवांना एवढंच म्हणाले, “पोरीसाठी बसलो. तुज्यासाठी न्हाई.” बुवा म्हणाले, “व्हय.”

त्यानंतर बुवांकडं कुणी आलं नाही. ते शेळ्या राखू लागले. मला शाळेत घातलं, पालक म्हणून अंगठा उठवला. कधीतरी मी त्यांना आबा म्हणू लागले, गावासाठी ते बुवाच राहिले. नर्सिंगला मंचरला निघाले तेव्हा मी धीर करून विचारलं, “आबा, त्या दिवशी अंगणात माझं नाव का नाही घेतलंत?” ते शेळीच्या पायातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, “एकदा घेतलं व्हतं कुनाचं तरी. बास झालं.”

पिंपरी पेंढारच्या त्या सूनबाई आता स्वतः सासू झाल्या असतील. एवढ्या वर्षांत त्या दारात जाण्याचं धाडस मला झालं नाही. त्यांच्या हाती हा कागद पडला तर... फुलं मी घेतली होती. तुम्ही चुलीपुढं थरथरत होता आणि मी बघत होते.

बुवांना निरोप द्यायला माणसं येतील का, याचीच मला त्या दिवशी बसमध्ये भीती वाटत होती. आली. फार नाही, पण खांदा द्यायला पुरली. किसनमामा काठी टेकत आले, लांब उभे राहिले, सगळं होईस्तोवर थांबले आणि गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

तेराव्यानंतर घर आवरायला मी एकटीच गेले. दिवस चांगला वर आला होता, तरी कुलूप काढून मी उंबऱ्याबाहेरच घुटमळले. आतल्या अंधाराची मला भीती वाटत होती. एक गोष्ट इतकी सवयीची होती की लिहायची राहूनच गेली. मी काट्यांत पडले होते त्या दिवसापासून बुवा घरात कधी एकदम शिरले नाहीत. अंगणातूनच खाकरायचे. दोनदा. मग थोडं थांबायचे, आणि मगच दारात यायचे. मी दचकू नये म्हणून. मी शाळेत जाऊ लागले, मोठी झाले, नोकरीला लागले तरी तेच. शांताबाई म्हणाली, मी गावात नसतानाही, रिकाम्या घरात शिरतानासुद्धा ते खाकरायचे.

मी अंगणात दोन पावलं मागं आले. खाकरले. दोनदा. थोडी थांबले... आणि आत गेले.