हिरीतलं पोहणं

कृष्णेत पोहताना पैलतीराला हात लागला की मला अजून ती बाई आठवते आणि एकटीच हसते मी.

आम्ही सांगलीच्या मैत्रिणी कोकणात एका निवांत किनाऱ्यावर पोहायला गेलो होतो. कवठे महांकाळकडच्या बायकांची एक जीपही तिथं थांबली होती. बाकीच्या घोट्याएवढ्या पाण्यातच किंचाळत होत्या. त्यांच्यातली ही बाई मात्र साठीची असून लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून थेट लाटेत घुसली.

काय झकास पोहत होती! पण एकाच जागी, गोल गोल. मला वाटलं, भोवऱ्यात सापडली. मी धावत जाऊन तिचा दंड धरला.

"सोड गं बाय! पवतीया म्या."

"मग अशा गोल का फिरताय, मावशी?"

ती थबकली, आजूबाजूला बघून खदाखदा हसत सुटली. "आगं, हिरीत शिकले न्हवं! भित आली की वळायची सवं हाय."

"इथं कुठाय विहिरीची भिंत?"

"न्हाईच की गं!" तिचे डोळे चमकले. "त्या खडकापतोर येतीस?"

किनारा धरून आम्ही निघालो. सवयीनं ती मधेच वळायची, मी ओरडायचे, "मावशी, सरळ!" शेवटी खडक आला. तिनं त्याच्यावर दोन्ही हात दणादण आपटले आणि मागं पाहिलं. सोबतच्या बायका ठिपक्याएवढ्या दिसत होत्या.

"पोरपणापासनं पवतीया गं," ती धापा टाकत म्हणाली, "पर पवून कुठंतरी जाताबी येतंय, हे आज कळलं."