तोंड बघून जा

आमच्या मालकीणबाई कुणाला "यशस्वी हो" वगैरे म्हणत नसत. "तोंड बघून जा," एवढंच म्हणत. तोंड मुंगसाचं.

पुण्याजवळ पुनावळ्यात त्यांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. लातूरहून नोकरी शोधायला आलेला मी त्यांतल्या एकीत भाड्यानं राहायचो. मागं जुन्या बांधाच्या दगडांची रास होती आणि तिच्यात मुंगसाचं बीळ. पहिल्या इंटरव्ह्यूच्या सकाळी त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ" असं लहान पोरासारखं म्हणायला लावलं. मुंगूस रामाला मानत असेलही, पण ऊन तापल्याशिवाय बाहेर पडत नाही. चाकणची गाडी गेली. मी तणतणत परत आलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ती कंपनी तुझी नव्हतीच," आणि गुळाचा चहा पुढे केला. पुढं मला दुसरीकडे नोकरी लागली, पण खोली काही मी सोडली नाही. श्रेय अर्थातच मुंगसाला गेलं.

हे मुंगूस त्यांच्याच कोंबड्यांची अंडी पळवायचं. दगडाकडे पाठ करून, पुढच्या पायांत अंडं धरून मागच्या पायांमधून मागं भिरकावायचं. फुटलं की चाटून साफ. सून काठी घेऊन धावली की मालकीणबाई तिलाच अडवत. "उंदरं खातंय तवा बरं वाटतंय व्हय? राखणदाराला बी पोट हाय."

साप चावला की मुंगूस रानात जाऊन मुळी खातं, असं शेजारचे अण्णा छातीठोकपणे सांगत. मालकीणबाईंना ते पटत नसे. "मुळीबिळी काय न्हाई. केस फुलवतंय, सापाचा दात केसातच अडकतोय. चपळ हाय म्हणून वाचतंय. एखाद्या दिशी चुकलं तर मरतंय बी." विहिरीजवळ असं एक मेलेलं त्यांनी पाहिलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

मग मुलांनी जागा बिल्डरला दिली. मालकीणबाईंनी कुरकुर न करता सही केली. आम्हा भाडेकरूंची बांधाबांध चालू असतानाच राशीच्या तोंडाशी मुंगसाची पिल्लं खेळताना दिसली. जेसीबी तर सोमवारी यायचा होता. "आई, मशिनच्या आवाजानं पळतील ती," थोरला म्हणाला.

"आई पळंल. पिल्लं घाबरली की आतच शिरत्यात. दाबून मरतील."

आणि आम्हाला त्या राशीजवळ साधं खोकूही न देणारी ही बाई शनिवारी दुपारी पितळेची थाळी आणि लाटणं घेऊन तिथं जाऊन बसली. थाळी बडवायची, थांबायचं, परत बडवायची. पिल्लांच्या आईनं कंटाळून बिऱ्हाड हलवावं म्हणून. आईचा पत्ता नव्हता. मला ते बघवेना. सून पाणी घेऊन आली, तिलाही त्यांनी हातानंच परतवलं.

रविवारी उन्हात मीही शेजारी जाऊन बसलो. अखेर मुंगशीण बाहेर आली. पिल्लू मानेला धरून नदीकडच्या झुडपांत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. शेवटचं पिल्लू तोंडात घेऊन पायवाटेपाशी पोचली तेव्हा ती पाठमोरी होती. इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघालंच, "मुंगसा मुंगसा..."

मालकीणबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते.

"नको म्हणू रं. थांबंल ती."

ती थांबली नाही. मालकीणबाई मुलाबरोबर रावेतच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. मी शेवटचं भेटायला गेलो तेव्हाही त्या गॅलरीतून खाली नदीकडेच बघत बसल्या होत्या.

आमच्या कंपनीच्या कुंपणालगत अजून कधीतरी मुंगूस दिसतं. शिफ्टला निघालेली गावाकडची पोरं गाड्या थांबवतात आणि हसत हसत रामाची शपथ घालायला लागतात. मी म्हणतो, "जाऊ द्या रे तिला."