तपकिरी, नर

ओटिलिया सौंगवेमेला कुत्र्यांचं वावडं कधीच नव्हतं. वावडं होतं ते कुत्र्यांना दोरी बांधून घेऊन येणाऱ्या माणसांचं. मुतारे गावच्या जनावरांच्या दवाखान्यात तिने सव्वीस वर्षं काढली. आली ती फरशी पुसायला. पुसता पुसता बघत गेली, बघता बघता शिकली, पुढे परीक्षा देऊन परिचारिका झाली, आणि खिडकीमागच्या उंच स्टुलावर एकदा जी बसली ती अख्ख्या गावाकडे नाक वर करून बघू लागली. गाव तिला माई सौंगवेमे म्हणायचं आणि जमेल तितकं टाळायचं.

खोटं कशाला बोला, गावानेही तिला कारणं भरपूर पुरवली. खरूज झालेल्या कुत्र्याला गाडीतून काढलेलं काळं ऑइल फासायचं, कातडी सोलून निघाली की मग दवाखाना आठवायचा.

"माई, औषध लागू पडत नाही याला."

"कसं पडेल? तो काय ट्रक आहे?"

जंताची गोळी दिली की कुत्रा मऊ पडतो, चोरावर भुंकत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे तर दर आठवड्याला यायचे. कान गोचिडांनी भरलेले, हिरड्या पांढऱ्याफटक, कुत्र्याला धड उभं राहवत नाही, आणि मालक विचारणार, सुईशिवाय काही चालेल का. मुरांबीच्या टेकडीवरून मोटारीने उतरणाऱ्या बायकांनाही ती सोडत नसे. त्यांच्या कुत्र्यांच्या अंगात लोकरीचे स्वेटर, पोट जमिनीला टेकलेलं आणि दात किडून काळे.

"काय करू, केकशिवाय तो काही खातच नाही हो."

"मग केकवाल्याकडे न्या. इथे कशाला आणलात?"

अशा बायकांना कुणी बोलत नाही. ओटिलिया बोलायची, म्हणून फाटके लोक खिडकीबाहेर गालात हसायचे, आणि लगेच त्यांचा नंबर यायचा.

पण तिचं डोकं खरं फिरायचं ते नावांनी. आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतंच. जावेने टोमणा मारला, शेजारणीने तोंड फिरवलं, की एक पिल्लू आणायचं आणि सांगायचं असेल ते त्याच्या नावात घालायचं. मग संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून मोठ्याने हाका मारायच्या. ज्याला ऐकवायचं त्याला ऐकू जातं, आणि भांडण केलं असं कुणाला म्हणता येत नाही.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये साकुब्वा वस्तीच्या फुटबॉल मैदानावर रेबीजची फुकट लस होती. डॉक्टर मुन्यारी सुया टोचत होते आणि ओटिलिया टेबलाशी बसून कार्डं भरत होती. समोर भली मोठी रांग, धूळ, आणि कुणी तारेने, कुणी दोरीने, कुणी जुन्या पट्ट्याने बांधलेली कुत्री.

"नाव?"

"बोलू दे त्यांना."

"पुढचा. नाव?"

"आईचंच ऐकतो."

त्या बाईचा नवरा मागेच उभा होता. रांग फिदीफिदी हसली. ओटिलियाने लेखणी टेबलावर ठेवली. "तुमच्या घरातली उणीदुणी सरकारी कागदावर लिहायला मी बसलेली नाही," ती म्हणाली, आणि त्यानंतर दिवसभर तिने नावाचा रकाना कोरा सोडला. रंगाच्या रकान्यात तपकिरी, पुढे नर किंवा मादी, खुणेच्या रकान्यात आडवी रेघ, खाली शिक्का.

डॉक्टर मुन्यारी भिडस्त गृहस्थ. त्यांनी दुपारी कार्डं चाळली आणि हळूच म्हणाले, "माई, नाव लिहिलेलं बरं असतं. निदान एखादी खूण तरी."

"लिहिलं काय आणि न लिहिलं काय, डॉक्टर. सगळी एकाच उकिरड्यावरची. कुत्रीही आणि माणसंही."

डॉक्टरांनी कार्डं टेबलावर परत ठेवली आणि पुढची सुई भरली. तिच्याशी ते कधीच वाद घालत नसत.

या वर्षी ऑक्टोबरमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला, बाजारात टोमॅटो विकणारी एस्नाथ एका हातगाड्यात कुत्रा घालून दवाखान्यात आली. कुत्रा तपकिरी, अंगाने भरलेला, पण मलूल. जबडा लोंबत होता आणि लाळेची तार गाड्याच्या कडेवरून खाली उतरली होती.

"घशात हाड अडकलंय, माई," एस्नाथ म्हणाली. "दोन दिवस मक्याच्या साद्झाला तोंड लावत नाही, पाणी पीत नाही. काल मी हात घालून बघितलं. हाताला काही लागलं नाही."

"मनगटापर्यंतच घातलास? कोपरापर्यंत घालायचास. तुझी अक्कल कुठे अडकलीय तीही सापडली असती."

पण बोलता बोलता ओटिलिया स्टुलावरून उतरली होती. लोंबता जबडा तिला आवडला नाही. डॉक्टर मुन्यारी बाहेर आले. एस्नाथने ओच्यातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"लस झालेली आहे, माई. हातमोजे द्या, हाड काढून टाकू."

ओटिलियाने कार्डावर नजर टाकली. अक्षर तिचंच, सरळ, टापटिपीचं. तपकिरी, नर. मैदानावरच्या दिवसाची तारीख. तिलाही क्षणभर हायसं वाटलं. मग तिने कुत्र्याच्या दातांकडे पाहिलं. सगळे पांढरे, नवे, एकही झिजलेला नाही.

"कितीचा आहे हा?"

"आठ महिन्यांचा."

"डॉक्टर, हात मागे घ्या," ओटिलिया म्हणाली. "कार्ड चौदा महिन्यांपूर्वीचं आहे. तेव्हा याची आईसुद्धा गाभण नव्हती."

डॉक्टर दोन पावलं मागे सरले. एस्नाथ मात्र जराही खजील झाली नाही.

"कार्ड आमच्या गल्लीचं आहे, माई. ज्याचं होतं तो कुत्रा गाडीखाली गेला. कार्ड चांगलं होतं, टाकायचं कशाला? नगरपालिकेचा माणूस तपासायला आला की तो ज्याच्या दारात उभा राहील त्याला आम्ही ते नेऊन देतो. माझा तपकिरी आहे, नर आहे. यात खोटं काय? तुम्हीच तर लिहिलंय."

"किती कुत्री चालतात या कार्डावर?"

"पाच. आधी सहा होती."

ओटिलियाच्या तोंडाचा पट्टा सुटायला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं. डॉक्टरही त्याचीच वाट बघत होते. पण ती कार्डाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "कुणाला चावला का हा?"

"चावला असं नाही. शेजारच्या शुवाईच्या पोटरीला दात लागले. सहा वर्षांची आहे. पाच दिवस झाले. आई तिला घेऊन इस्पितळात निघाली होती, मी कार्ड दाखवलं. शिक्का बघून ती परत फिरली."

ओटिलिया लहान असताना चिपिंगेला तिचा एक मामा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला होता. त्याला झोपडीत खाटेला बांधलं होतं, आणि पाण्याची वाटी पुढे केली की तो किंचाळायचा. एकदा ते सुरू झालं की कुठलीही सुई उपयोगी पडत नाही, हे ती गेली सव्वीस वर्षं खिडकीतून लोकांना ऐकवत आली होती.

डॉक्टरांनी कुत्र्याला कायमचं झोपवलं आणि त्याचं डोकं बर्फात घालून हरारेच्या प्रयोगशाळेत पाठवायची तयारी सुरू केली. ओटिलियाने एस्नाथला नळाखाली पंधरा मिनिटं हात साबणाने घासायला लावले आणि तिला पुढे घालून ती साकुब्वाला निघाली.

शुवाईची आई दारात बसून भाजी चिरत होती. मुलगी बाजूला मातीत रेघोट्या ओढत होती. पोटरीवर चार बारीक ठिपके, खपली धरलेले. दोन वर्षांपूर्वी ही बाई पोत्यातून मांजर घेऊन दवाखान्यात आली होती, तेव्हा ओटिलियाने तिला चारचौघांत असं झापलं होतं की ती मांजर तसंच घेऊन घरी गेली. ओटिलियाला ते आठवत नव्हतं. त्या बाईला आठवत होतं.

"कागद दाखवला की झालं का?" ओटिलियाने नेहमीच्या सुरात सुरुवात केली. "तो दुसऱ्याच कुत्र्याचा होता. मुलीची पोटरी कुत्र्याने फोडली आणि तू भाजी चिरत बसलीस? ऊठ, इस्पितळात चल."

शुवाईच्या आईने सुरी थांबवली नाही. "शिक्का होता त्यावर, माई. तुमच्याच दवाखान्याचा. आता येऊन सांगता ते खोटं आहे. मग तेव्हा खरं बोलत होता की आत्ता बोलताय? उद्या आणखी कुणी येऊन तिसरंच सांगेल. मी रोजचा धंदा सोडून कुणाकुणाच्या मागे धावू?"

तोवर गल्ली जमली होती. माई सौंगवेमेला कुणी उत्तर देतंय हे बघायला मिळणं म्हणजे चैन होती. एस्नाथ मागे अंग चोरून उभी होती. तिच्याकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं होतं, आणि खोटंही नव्हतं. पण ओटिलियाला ही माणसं ठाऊक होती. एस्नाथचं नाव निघालं असतं तर दोघी संध्याकाळपर्यंत एकमेकींच्या सात पिढ्या काढत बसल्या असत्या, आणि मुलगी तशीच मातीत रेघोट्या ओढत राहिली असती.

"कार्ड मी लिहिलं," ती म्हणाली. "त्यावर कुत्र्याचं नाव लिहायचं असतं, खूण लिहायची असते. मी लिहिली नाही. तुम्ही कुणी त्या लायकीचे आहात असं मला वाटलं नाही. नाव असतं तर ते कार्ड दुसऱ्या कुत्र्याला चाललं नसतं. चूक माझी आहे."

कुणी हसलं नाही. शुवाईच्या आईची सुरी थांबली. तिने ओटिलियाकडे नीट निरखून पाहिलं, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"माई सौंगवेमे स्वतःची चूक म्हणते आहे," ती कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली. मग भाजीची पाटी तशीच टाकून उठली. "शुवाई, चपला घाल."

शुवाई वाचली, हे सांगून टाकावं. हरारेहून कागद आला तेव्हा कुत्रा पिसाळलेला होता हे पक्कं झालं, पण तोवर मुलीला दोन सुया बसल्या होत्या आणि एस्नाथलाही. ओटिलिया दवाखान्यातून सुटी घेऊन मुलीच्या चारही सुयांच्या वेळी इस्पितळात गेली. शुवाईच्या आईने तिला बाकावर बसू दिलं. तिच्याशी ती एक शब्द बोलली नाही, आणि ओटिलियालाही एकदाही कुणाला काही सुनवावंसं वाटलं नाही.

चौथी सुई झाल्यावर नर्सने मुलीचं कार्ड भरून पुढे केलं. ओटिलियाने सवयीने हात लांब केला. शुवाईच्या आईने ते तिच्याआधी उचललं. इयत्ता चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वरपासून खालपर्यंत वाचलं. नर्सही थांबून राहिली.

"बरोबर आहे ना?" ओटिलियाने विचारलं. "दाखव बघू."

"राहू द्या, माई," शुवाईची आई म्हणाली, अगदी अदबीने. "माझं मी बघते." आणि तिने कार्ड घडी करून पोलक्यात खोचलं.